एका नकाराचा इतिहास

२०२३ साली 'द मिशन' हा अनुबोधपट प्रदर्शित झाला. अमांडा मॅकबेन आणि जेसी मॉस या दिग्दर्शकांनी तो नॅशनल जिऑग्राफिकसाठी केला आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये अंदमानातील उत्तर सेंटिनेल बेटावर ख्रिस्ताचा संदेश घेऊन गेलेला आणि तेथील लोकांच्या हातून मारला गेलेला सव्वीस वर्षांचा अमेरिकन तरुण जॉन ॲलन चाऊ हा त्याचा विषय. हा तरुण असा का घडला, हे चित्रपट समजून घेऊ पाहतो. त्यासाठी त्याची रोजनिशी आहे, मुलाला थोपवू न शकलेल्या वडिलांचे पत्र आहे, मित्रांच्या आठवणी आहेत. या बेटावर पुस्तक लिहिणारे इतिहासकार ॲडम गुडहार्ट त्यात बोलतात. ब्राझीलमधील पिराहा लोकांना ख्रिस्ती करायला गेलेले आणि त्यांच्यात राहून अखेर स्वतःचीच श्रद्धा गमावून बसलेले भाषाशास्त्रज्ञ डॅनियल एव्हरेटही बोलतात. ज्या प्रसंगांचे चित्रीकरण होऊच शकले नाही ते रेखाटनांच्या हलत्या चित्रांतून दाखवले आहेत. चित्रपट थिल्लर नाही. तो चाऊला हुतात्मा ठरवीत नाही आणि त्याची टवाळीही करीत नाही.

परंतु या चित्रपटात एक पक्ष बोलतच नाही. ज्यांच्या किनाऱ्यावर हे सारे घडले ते लोक मुके आहेत. हा दोष दिग्दर्शकांच्या माथी मारता येणार नाही. या लोकांची भाषा बाहेरच्या एकाही माणसाला येत नाही. ते स्वतःला काय म्हणवतात हेही कोणाला ठाऊक नाही. 'सेंटिनेली' हे नाव बेटाच्या इंग्रजी नावावरून बाहेरच्यांनी त्यांना चिकटवले आहे. तेव्हा त्यांची मुलाखत घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पण मग त्यांना इतिहास नाही असे मानायचे काय?

माझ्या मते त्यांचा एक इतिहास बाहेरच्यांच्या दप्तरातच पडून आहे. दीडशे वर्षांहून अधिक काळ जो जो त्यांच्या किनाऱ्यावर उतरला त्याला त्यांनी काय उत्तर दिले, याच्या नोंदी उपलब्ध आहेत. हे उत्तर बहुतेक वेळा नकाराचे आहे. दलित साहित्याच्या वाचकाला 'नकार' या शब्दाची ओळख करून देण्याची गरज नाही. नकारामागे अनुभव असतो, काय घ्यायचे आणि काय नाकारायचे याची निवड असते, हे आपण जाणतो. प्रस्थापितांनी मात्र तो नेहमीच आडमुठेपणा म्हणून, अज्ञान म्हणून, रानटीपणा म्हणून नोंदवला. सेंटिनेली लोकांच्या नकाराचीही नोंद अशीच झाली. ती उलटून वाचण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी चाऊची हकिगत. १९९१ साली अमेरिकेतील अलाबामा राज्यात त्याचा जन्म झाला. लहानपणी त्याने 'रॉबिन्सन क्रूसो' वाचले आणि निर्जन बेटे, साहस, डोंगरवाटा यांनी त्याला झपाटले. ओरल रॉबर्ट्‌स या ख्रिस्ती विद्यापीठातून तो २०१४ साली पदवीधर झाला. सेंटिनेली लोकांपर्यंत ख्रिस्त पोहोचवायचा हे त्याने फार आधीच ठरवले होते. २०१७ साली कॅन्सस सिटीतील 'ऑल नेशन्स' या संस्थेत त्याने प्रशिक्षण घेतले. तेथे एक खोटे गाव उभारलेले असे. संस्थेचीच माणसे हातात खोटे भाले घेऊन, अर्थहीन आवाज काढून 'शत्रुत्व असलेल्या आदिवासीं'ची सोंगे करीत आणि शिकाऊ प्रचारकाने त्यांच्यात शिरायचे असे. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. ज्या लोकांकडे जायचे त्यांची भाषा कोणाला येत नाही, म्हणून त्यांच्या तोंडी निरर्थक आवाज घातले. म्हणजे समोरचा माणूस काही अर्थपूर्ण बोलत असेल ही शक्यता प्रशिक्षणातच निकालात निघाली.

ऑक्टोबर २०१८ मध्ये चाऊ पोर्ट ब्लेअरला आला (या शहराचे नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झाले आहे). त्याने लसी घेतल्या होत्या, काही दिवस स्वतःला कोंडूनही घेतले होते. आपल्यामुळे रोग पसरू नये याची काळजी त्याला होती, हे नोंदवले पाहिजे. मच्छीमारांना पंचवीस हजार रुपये देऊन तो १४ नोव्हेंबरच्या रात्री अंधारात निघाला. दुसऱ्या दिवशी मासे, कात्र्या, सेफ्टी पिना अशा भेटी घेऊन तो किनाऱ्याकडे गेला. एका मुलाने सोडलेला बाण त्याने हातात धरलेल्या बायबलमध्ये घुसला. तो पोहत परतला. हे बेट सैतानाचा शेवटचा गड तर नसेल, असा प्रश्न त्याने देवालाच उद्देशून रोजनिशीत लिहून ठेवला. १६ तारखेला तो पुन्हा गेला आणि मच्छीमारांना परत जायला सांगितले. १७ तारखेला सकाळी मच्छीमारांनी दुरून पाहिले ते त्याचे प्रेत वाळूत पुरले जात असताना.

चाऊला एकदा उत्तर मिळाले होते. बाण अंगात न घुसता पुस्तकात घुसला आणि त्याला परत जाऊ दिले गेले. ते उत्तर त्याला कळले नाही असे म्हणता येत नाही. ते उत्तर म्हणून त्याने मोजलेच नाही. त्याच्या दृष्टीने सेंटिनेली हे उत्तर देणारे नव्हतेच. ते उद्धरले जाणारे होते. प्रेमाने केलेल्या या आक्रमणात द्वेष शोधून सापडणार नाही, आणि म्हणूनच ते ओळखायला कठीण असते.

आता या बेटाभोवतीचा इतिहास पाहू. १८५७ च्या उठावानंतर, मार्च १८५८ मध्ये, ब्रिटिशांनी अंदमानात कैद्यांची वसाहत पुन्हा उभी केली. आधी १७८९ मध्ये बसवलेली वसाहत रोगराईमुळे १७९६ साली सोडून द्यावी लागली होती. मराठी वाचकाच्या मनात अंदमान म्हटले की सेल्युलर जेल उभे राहते, काळे पाणी उभे राहते, राजबंद्यांच्या यातना उभ्या राहतात. पण तो तुरुंग ज्या जमिनीवर बांधला ती जमीन कोणाची होती, हा प्रश्न आपल्या पाठ्यपुस्तकांनी कधी विचारला नाही. ती महाअंदमानी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दहा जमातींची होती. १८५८ साली त्यांची संख्या सुमारे पाच हजार असावी असा एक अंदाज आहे. जंगल तुटू लागले तसा त्यांनी प्रतिकार केला. मे १८५९ मध्ये अबर्डीन येथे त्यांनी वसाहतीवर चाल केली. त्यांच्यात राहून आलेल्या दूधनाथ तिवारी या फरारी कैद्याने ही बातमी इंग्रजांना आधीच पोहोचवली होती. बंदुकांसमोर धनुष्ये टिकली नाहीत.

त्यानंतर आले प्रेम. १८६३ साली पोर्ट ब्लेअरचे धर्मगुरू हेन्री कॉर्बिन यांच्या देखरेखीखाली 'अंदमान होम' सुरू झाले. तेथे अंदमानी माणसांना आणून ठेवायचे, अन्न आणि कपडे द्यायचे, इंग्रजी शिकवायची, काम करायला लावायचे, थोडक्यात त्यांना माणसाळवायचे, अशी ती योजना होती. पुढे याच लोकांचा उपयोग पळालेले कैदी शोधून पकडण्यासाठी करण्यात आला. वसाहतीच्या सहवासातून १८७६ च्या सुमारास उपदंश पसरल्याचे उघडकीस आले आणि १८७७ साली गोवराची साथ आली. या रोगांशी त्यांच्या शरीरांची पूर्वी कधी गाठ पडलेली नव्हती. १९०१ च्या जनगणनेत महाअंदमानी ६२५ उरले, १९३१ मध्ये ९० आणि १९६१ मध्ये १९. रटलंड बेटावरील जांगिल जमात तर विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत पूर्णच नाहीशी झाली. जानेवारी २०१० मध्ये बोआ सीनियर ही वृद्ध स्त्री वारली आणि तिच्याबरोबर बो ही भाषा संपली. आज महाअंदमानी म्हणून जे सुमारे पन्नास लोक आहेत ते सरकारी आधारावर जगतात.

अंदमानात ज्यांनी बाहेरच्यांना जवळ केले, किंवा ज्यांना जवळ करणे भाग पाडले गेले, त्यांची ही गत झाली. ज्यांनी बाण सोडले ते उरले. हा निष्कर्ष क्रूर वाटेल, पण जनगणनेचे आकडे तोच निष्कर्ष सांगतात.

उत्तर सेंटिनेल बेट पोर्ट ब्लेअरपासून पश्चिमेला जेमतेम पन्नास किलोमीटरवर आहे. क्षेत्रफळ सुमारे साठ चौरस किलोमीटर, सभोवार प्रवाळाचे कडे. १८६७ साली 'निनेव्हे' नावाचे जहाज येथे आदळून फुटले. उतारू आणि खलाशी मिळून शंभरावर माणसे किनाऱ्यावर आली आणि त्यांच्यावर बाणांचा हल्ला झाला. पुढे त्यांना इंग्रजी आरमाराने सोडवून नेले. जानेवारी १८८० मध्ये मॉरिस व्हिडाल पोर्टमन हा विशीतला अधिकारी सशस्त्र लवाजमा घेऊन बेटावर उतरला. लोक जंगलात निघून गेले होते. बरेच दिवस शोधल्यावर एक वृद्ध जोडपे आणि चार मुले हाती लागली. 'शास्त्रीय अभ्यासासाठी' त्यांना पोर्ट ब्लेअरला नेण्यात आले. ती सगळी आजारी पडली. म्हातारा आणि म्हातारी मेली. मुलांना भेटवस्तू देऊन बेटावर सोडून देण्यात आले. परत जाताना त्या मुलांनी भेटवस्तूंबरोबर आणखी काय नेले, याची नोंद पोर्टमनच्या दप्तरात नाही. बाहेरच्यांच्या सहवासाने या लोकांचे नुकसानच झाले, अशी कबुली मात्र पुढे त्यानेच दिली.

याच पोर्टमनने पुढे ब्रिटिश म्युझियमसाठी अंदमानी माणसांची छायाचित्रे काढली, त्यांच्या शरीरांची मोजमापे घेतली. येथे आपला संबंध येतो. त्याच काळात रिस्ले नावाचा अधिकारी बंगालमधील जातींची नाके मोजत होता आणि नाकाच्या मापावरून जातींची उच्चनीचता ठरवीत होता. १८९१ साली त्याचे ते आकडे प्रसिद्ध झाले. म्हणजे अंदमानी माणूस आणि अस्पृश्य माणूस हे एकाच शास्त्राच्या टेबलावर ठेवले गेले होते. पुढे १९४८ साली 'दि अनटचेबल्स' या ग्रंथात बाबासाहेबांनी अशाच मोजमापांच्या आकड्यांचा आधार घेऊन अस्पृश्यतेची वंशाधारित उपपत्ती खोडून काढली. मोजणाऱ्याची फूटपट्टी आपण त्याच्या हातातून काढून घेऊ शकलो, कारण आपल्याकडे लेखणी आली होती. अंदमानी माणसाला ती संधी मिळण्यापूर्वीच गोवराने गाठले. सेंटिनेली माणसाकडे आजही एकच साधन आहे.

१९४७ नंतर राज्यकर्ते बदलले. १९५६ साली अंदमान-निकोबारमधील आदिम जमातींच्या संरक्षणाचे विनियमन झाले आणि त्याखाली बेट राखीव ठरले. परवानगीशिवाय तेथे जाणे गुन्हा झाला. परंतु सरकार स्वतः जातच राहिले. १९६७ पासून भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षणाचे त्रिलोकनाथ पंडित यांच्या मोहिमा सुरू झाल्या. नारळ, केळी, भांडी, लाल कापड किनाऱ्यावर ठेवायचे आणि दूर होऊन पाहत बसायचे, अशी पद्धत होती. १९७० मध्ये एका पाहणी-तुकडीने बेटाच्या एका निर्मनुष्य टोकाला दगडी फलक बसवला. हे बेट भारताचे आहे असे त्यावर लिहिले होते. ज्यांचे बेट, त्यांना ते वाचता येणार नव्हते. मग तो फलक कोणासाठी होता?

१९७४ साली या किनाऱ्यावर कॅमेरा आला, आणि तो मुंबईहून आला. फिल्म्स डिव्हिजनचे प्रेम वैद्य यांनी 'मॅन इन सर्च ऑफ मॅन' हा अनुबोधपट त्या वर्षी केला. फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट त्या काळी चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी दाखवणे सक्तीचे होते, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. मोहिमेबरोबर मानववंशशास्त्रज्ञ होते, सशस्त्र पोलीस होते, नॅशनल जिऑग्राफिकसाठी छायाचित्रे घेणारे रघुबीर सिंह होते. होडी किनाऱ्याजवळ येताच बाण सुटले. ती दूर नेऊन दुसरीकडे लावली गेली आणि वाळूत भेटी ठेवण्यात आल्या. त्यांत नारळ, ॲल्युमिनियमची भांडी, प्लॅस्टिकची खेळण्यातली मोटार, एक बाहुली आणि एक जिवंत बांधलेले डुक्कर होते. पुन्हा बाण सुटले आणि एक बाण दिग्दर्शकाच्या मांडीत घुसला. तो मारणारा माणूस बाजूला सावलीत जाऊन हसत बसला. सेंटिनेलींनी डुक्कर आणि बाहुली भाल्यांनी भोसकून वाळूत पुरली. नारळ आणि भांडी उचलून नेली.

या प्रसंगाची हकिगत जगभर 'अश्मयुगीन माणसाचा हिंस्रपणा' म्हणून सांगितली गेली. ती नीट वाचली तर वेगळेच दिसते. त्यांनी सगळे नाकारले नाही. उपयोगाचे घेतले, नको ते पुरून टाकले. म्हणजे ते निवड करीत होते. १९८१ च्या ऑगस्टमध्ये 'प्रिमरोझ' नावाचे मालवाहू जहाज त्यांच्या प्रवाळावर रुतले. खलाशांना हेलिकॉप्टरने काढून न्यावे लागले. त्या जहाजाचे लोखंड सेंटिनेलींनी काढून नेले आणि ठोकून बाणांची टोके केली. जो समाज परक्या जहाजाचे लोखंड घेऊन आपले हत्यार सुधारतो त्याला 'अश्मयुगीन' म्हणणे ही शुद्ध आळशी भाषा आहे. ते आपल्याच काळात जगतात. आपल्या अटींवर जगतात, एवढेच.

या निवडीचा सर्वांत बोलका पुरावा १९९१ चा आहे. त्या वर्षी ४ जानेवारीला मानववंशशास्त्रज्ञ मधुमाला चट्टोपाध्याय एका मोहिमेबरोबर बेटाजवळ गेल्या. पाण्यात सोडलेले नारळ घ्यायला सेंटिनेली पुढे आले. एका तरुणाने नेम धरला, पण त्यांच्यातल्याच एका स्त्रीने त्याला ढकलले आणि बाण पाण्यात पडला. पुढे त्यांनी होडीपर्यंत येऊन हातातून नारळ घेतले. नंतरच्या एका भेटीतही असेच झाले. म्हणजे त्यांचा होकारही नोंदलेला आहे. तो नारळापुरता होता, त्या दिवसापुरता होता, आणि तो त्यांनी ठरवला होता. आपल्या मोहिमेतील लोकांना मात्र वाटले की दार उघडले. नव्वदीच्या दशकातच या मोहिमा थांबवण्यात आल्या, कारण शेजारच्या जारवांचे काय होत आहे ते दिसू लागले होते.

जारवांच्या राखीव जंगलातून अंदमान ट्रंक रोड गेला. १९९७ पासून जारवा जंगलाबाहेर येऊ लागले. १९९९ साली त्यांच्यात गोवराची साथ आली. राखीव क्षेत्रातून जाणारा रस्ता बंद करावा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला. रस्ता चालूच राहिला. २०१२ साली खाण्याच्या वस्तूंच्या बदल्यात जारवा स्त्रियांना पर्यटकांसमोर नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली. संपर्काचा अर्थ हा असा होतो. एका बाजूला मोटारीची काच असते, दुसऱ्या बाजूला नाचणारी बाई असते, आणि मध्ये कॅमेरा असतो.

येथे आपल्या चळवळीतील कार्यकर्ता एक अवघड प्रश्न विचारील आणि त्याने तो विचारलाच पाहिजे. आपण तर बहिष्काराविरुद्ध लढलो. वेशीबाहेर ठेवण्याविरुद्ध लढलो. महाडचे तळे, काळाराम मंदिर, शाळेचा दरवाजा हे सगळे लढे आत येण्याचे होते. मग एका समाजाला वेगळे ठेवण्याचे समर्थन आपण कोणत्या तोंडाने करायचे? शिवाय १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला हाच जाब विचारला होता. या देशातील आदिवासींची अवस्था पाहून तुम्हाला लाज का वाटत नाही? मिशनरी जसे त्यांच्यात जाऊन राहतात तसे तुम्ही का राहत नाही? आणि उत्तरही त्यांनीच दिले होते की जात तसे करू देत नाही, आपल्या जातीबाहेरच्या माणसाला आपले मानण्याची सोयच तिच्यात नाही. मिशनरी म्हटले की नाक मुरडणारी भाषा आपली नाही. जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापला गेला, आणि तो मिशनऱ्यांचा अंक होता. ही नोंद पुसून टाकून चाऊवर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पण दोन्हींतील फरक पाहा. वेशीबाहेरचे कुंपण आपण घातलेले नव्हते. ते दुसऱ्याने घातले होते आणि आपल्या श्रमाला मात्र त्याने रोज आत बोलावले होते. ते मोडणे हे आपले मुक्त होणे होते. उत्तर सेंटिनेलचे कुंपण आतल्यांनी घातले आहे. त्यांचे श्रम कोणी लुटलेले नाहीत, त्यांच्या सावलीचा विटाळ कोणी मानलेला नाही. बाबासाहेबांचा जाब हा हिंदू समाजाच्या बेपर्वाईला होता. ज्या आदिवासींची जंगले, जमिनी आणि श्रम या समाजाने घेतले त्यांना पुन्हा वाऱ्यावर सोडण्याला होता. मुक्ता साळवेने लेखणी उचलली ती स्वतःच्या इच्छेने. १९३५ ची येवल्याची घोषणा आणि १९५६ ची नागपूरची दीक्षा यांच्यामध्ये एकवीस वर्षांचा विचार आहे, वाद आहे, निवड आहे. धर्म घेण्याचा अधिकार हा माणसाचा अधिकार आहे, असे म्हणणारे आपण आहोत. म्हणूनच तो न घेण्याचा, तो देणाऱ्याला दारात उभे न करण्याचा अधिकारही आपण मान्य केला पाहिजे. दोन्ही ठिकाणी कसोटी एकच आहे: ठरवतो कोण?

ही कसोटी लावली की आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. २०१८ मध्ये मेलेला माणूस मिशनरी होता म्हणून आपल्याकडे काहींना आनंद झाला. धर्मांतराविरुद्ध कायदे मागणाऱ्यांना या मृत्यूत एक सोयीचा दाखला सापडला. त्यांच्या आनंदात सेंटिनेलींविषयी आदर कोठेही नव्हता. पोर्टमन बायबल घेऊन गेला नव्हता. १९७० चा दगडी फलक चर्चने बसवला नव्हता. मार्च २०२५ मध्ये आणखी एक अमेरिकन तरुण बेटावर उतरला. त्याने नारळ आणि डाएट कोकचा डबा वाळूत ठेवला, चित्रीकरण केले आणि परत आल्यावर त्याला अटक झाली. त्याच्याजवळ कोणताही देव नव्हता, कॅमेरा होता. धर्मगुरू, अधिकारी, शास्त्रज्ञ, पर्यटक यांच्या होड्या वेगवेगळ्या असल्या तरी गृहीत एकच आहे, की समोरच्याकडे काहीतरी कमी आहे आणि ते आपल्याकडे आहे.

मात्र या नकाराचे गोडवे गाऊनही चालणार नाही. त्याची किंमत कोणी मोजली तेही पाहिले पाहिजे. जानेवारी २००६ मध्ये बेटाजवळ मासेमारी करणाऱ्या दोन गरीब मच्छीमारांची होडी रात्री वाहत किनाऱ्याला लागली आणि ते मारले गेले. त्यांच्यावर कोणी चित्रपट काढला नाही. २०१८ मध्ये चाऊच्या प्रकरणात सात जणांना अटक झाली, त्यांत पंचवीस हजारांसाठी होडी हाकणारे मच्छीमार होते. साहस अमेरिकेतून येते आणि खटला किनाऱ्यावरच्या गरिबावर होतो. एकाच्या श्रद्धेचा हिशेब दुसऱ्याच्या पोटावर निघतो, हे आपल्याला नवीन नाही.

आणि दूर राहणे म्हणजे हात झटकणे नव्हे. बेटाभोवतीच्या समुद्रावर पहारा ठेवणे, चोरट्या मासेमारीला आळा घालणे आणि त्या मच्छीमारांच्या पोटाची दुसरी सोय करणे हे राज्याचे काम आहे. ते काम अंगाबाहेर टाकण्याची प्रवृत्ती वेळोवेळी दिसते. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्र सरकारने पर्यटनाच्या नावाखाली एकोणतीस बेटे परदेशी नागरिकांसाठीच्या प्रतिबंधित-क्षेत्र परवान्यातून वगळली. त्या यादीत उत्तर सेंटिनेलही होते. १९५६ चे विनियमन कायम होते, तरी संदेश जायचा तो गेला. चाऊ तीन महिन्यांनी आला. त्याच द्वीपसमूहाच्या दक्षिण टोकाला, ग्रेट निकोबारवर, बंदर, विमानतळ आणि नवे शहर उभारण्याच्या प्रचंड प्रकल्पाला २०२२ साली पर्यावरणीय मंजुरी मिळाली. तेथे शोंपेन नावाचे असेच मोजके, बाहेरच्यांपासून दूर राहणारे लोक आहेत. उत्तर सेंटिनेलच्या किनाऱ्यावर एक पुस्तक घेऊन आलेल्या तरुणाबद्दल ज्यांनी संताप व्यक्त केला त्यांनी शोंपेनांच्या जंगलात येणाऱ्या यंत्रांबद्दलही बोलले पाहिजे. त्या यंत्रांना कोण हो म्हणाले?

२००४ च्या डिसेंबरमध्ये त्सुनामी आली तेव्हा सेंटिनेली जगले की नाही हे पाहायला तटरक्षक दलाचे हेलिकॉप्टर बेटावर गेले. एक माणूस किनाऱ्यावर धावत आला आणि त्याने हेलिकॉप्टरवर धनुष्य रोखले. त्याचे छायाचित्र सर्वत्र छापले गेले. मदतीलाही बाण, असे म्हणून लोक हसले. मला त्या छायाचित्रात एक निरोप दिसतो: आम्ही जिवंत आहोत, आता जा. २०११ च्या जनगणनेत अधिकाऱ्यांनी दुरून पाहून पंधरा माणसे मोजली. खरी संख्या त्याहून अधिक असणार. जनगणनेतही ते पूर्णपणे सापडले नाहीत.

'द मिशन' विद्यार्थ्यांना जरूर दाखवावा. चाऊ का गेला, हे त्यातून चांगले कळते. पण शिक्षकाने नंतर दुसरा प्रश्न फळ्यावर लिहावा: किनाऱ्यावरच्या लोकांनी नाही का म्हटले? त्याचे उत्तर त्या चित्रपटात नाही. ते १८६३ च्या 'होम'मध्ये आहे, १८७७ च्या गोवरात आहे, १८८० च्या सहा माणसांत आहे, बोआ सीनियरबरोबर गेलेल्या भाषेत आहे. त्या उत्तराचा आदर करायचा तर एकच गोष्ट करावी लागते, आणि ती सर्व उद्धारकांना सर्वांत कठीण जाते. होडी परत फिरवावी लागते.